उजेडाला पडणारा पीळ

गाळप हंगामात कसबा बावड्यात शिरलं की आधी वास येतो. उकळत्या रसाचा, ओल्या चिपाडाचा आणि मळीचा मिळून झालेला. मग रस्त्याच्या कडेला लागलेली रांग दिसते. एकेका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, मधूनच बैलगाड्या, वर शिगोशीग ऊस. छत्रपती राजाराम सहकारी साखर कारखान्याच्या वजनकाट्याकडे ही रांग सरकत असते. उत्तरेला पंचगंगा आहे आणि तिच्यावर राजाराम बंधारा. पावसाळ्यात सगळा जिल्हा याच बंधाऱ्यावरच्या आकड्याकडे डोळे लावून बसतो: ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. पाऊस सरला की बावड्यात दुसरा आकडा सुरू होतो. पारावर, दूध संस्थेत, सलूनमध्ये एकच चौकशी असते: उतारा किती बसतोय, उसातून साखर किती निघतेय?

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘प्रकाश’ हा विषय दिला, तेव्हा मला दिव्यांची आरास सुचली नाही. आठवली ती साखर कारखान्याची प्रयोगशाळा, कारण तिथे हंगामभर तिन्ही पाळ्यांत उजेडाला पडणारा पीळ मोजला जातो. उजेडाचा हाच गुण घेऊन जगभरचे रसायनशास्त्रज्ञ आज पिळलेल्या वलयांचे नवे रेणू घडवत आहेत. त्यातल्या वलयांवरची काही महत्त्वाची कामं पुण्याच्या पाषाणात आणि मुंबईच्या पवईत झाली आहेत. बावड्यातली काचेची नळी आणि पाषाणातली कुपी यांत एकच प्रश्न भरलेला आहे: पदार्थाच्या अंगात पीळ असेल, तर त्याचं उजेडाशी काय बोलणं होतं?

नळीतला रस

कारखान्याच्या लॅबमध्ये काचेपेक्षा कागद जास्त असतो. पहिल्या मिलचा रस, मिश्र रस, शुद्ध केलेला रस, सिरप, मॅसेक्युट, मळी, बगॅस (चिपाड), प्रेसमड या सगळ्यांचे नमुने ठरल्या वेळी येतात आणि त्यांचे आकडे वहीत चढतात. प्रत्येक नमुन्याला दोन प्रश्न विचारले जातात. पहिला ब्रिक्सचा: पाण्यात विरघळलेलं एकूण किती आहे? दुसरा पोलचा: त्यात साखर किती?

पोल काढायची रीत डोळ्यांनी पाहावी अशी आहे. उसाचा रस गढूळ असतो, उजेड आरपार जात नाही. म्हणून त्यात शिशाचा एक क्षार घालतात, गाळ खाली बसतो, आणि गाळणपत्रातून स्वच्छ रस थेंबथेंब उतरतो. तो २०० मिलिमीटर लांबीच्या नळीत भरायचा. हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही. नळी पोलरीमीटरमध्ये ठेवायची. जुन्या यंत्रात सोडियमचा पिवळा दिवा असे. डोळा भिंगाला लावला की एक गोल दिसे, त्याचा अर्धा भाग उजळ आणि अर्धा अंधारा. चकती फिरवत दोन्ही भाग सारखे झाले की आकडा वाचायचा. आता यंत्र आकडा पडद्यावर दाखवतं. काही नवी यंत्रं डोळ्याला न दिसणारा ८८० नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश वापरतात. तो काळपट रसातूनही पार जातो, त्यामुळे शिसं लागत नाही. शिशाचं विष लॅबमधल्या माणसांच्या हातून आणि कारखान्याच्या सांडपाण्यातून जाणं ही मोठी गोष्ट आहे. हा बदल प्रत्येक कारखान्यात व्हायला हवा.

यंत्राच्या आत घडतं ते असं. साध्या उजेडाची कंपनं सगळ्या दिशांना होतात. एका विशिष्ट स्फटिकातून किंवा पट्टीतून नेला की तो एकाच प्रतलात कंप पावू लागतो, त्याला ध्रुवित प्रकाश म्हणतात. हा प्रकाश साखरेच्या पाण्यातून गेला की त्याचं प्रतल उजवीकडे वळतं. साखर जास्त तेवढं वळण जास्त. फ्रान्समध्ये झाँ बाप्तिस्त बियो यांनी १८१५च्या सुमारास हे द्रवांमध्ये पाहिलं, आणि साखर मोजण्यासाठी याचा उपयोग होईल हेही त्यांनीच ओळखलं. आजचं आंतरराष्ट्रीय माप सांगतं की २६ ग्रॅम शुद्ध साखर पाण्यात विरघळवून १०० मिलिलिटर द्रावण केलं आणि ते २०० मिलिमीटरच्या नळीत भरलं, की पोल १०० आला पाहिजे. अंशांत सांगायचं तर पिवळा उजेड साधारण ३४.६ अंश वळतो.

शिळा ऊस आणि फसवा आकडा

ऊस तुटला की त्यातली साखर टिकत नाही. उन्हात पडलेल्या उसात तिचे दोन तुकडे व्हायला लागतात, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. ग्लुकोज उजेड उजवीकडे वळवतो, पण फ्रुक्टोज त्याहून जोरात डावीकडे. त्यामुळे शुद्ध साखरेचं उजवीकडचं ६६.५ अंशांचं विशिष्ट वळण (म्हणजे सगळ्या पदार्थांसाठी एकाच ठरावीक मापाला काढलेलं वळण) ती पूर्ण तुटल्यावर डावीकडे वीस अंशांच्या आसपास जाऊन बसतं. तोडणी झाल्यावर ऊस लवकर गव्हाणीत पडावा म्हणून ट्रॅक्टरवाल्यांची जी घालमेल चालते, तिचं रसायनशास्त्र हे आहे.

शिळ्या उसाचा याहून फसवा प्रकारही असतो. ल्युकोनोस्टॉक नावाचे जंतू साखर खाऊन डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ तयार करतात. डेक्स्ट्रान साखरेपेक्षा कितीतरी जोरात उजेड उजवीकडे वळवतं. म्हणजे साखर कमी झालेली असताना यंत्र पोल चढा दाखवू शकतं. पोलरीमीटर साखर ओळखत नाही. तो नळीतल्या सगळ्या पिळांची बेरीज सांगतो, आणि त्या बेरजेत कोण कोण आहे हे केमिस्टला ओळखावं लागतं.

याचा पैशाशी संबंध सरळ आहे. २०२५-२६च्या हंगामासाठी केंद्राने ठरवलेली एफआरपी, म्हणजे उसाचा किमान दर, १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये आहे, आणि त्यावरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला टनामागे ३४ रुपये ६० पैसे वाढतात. उतारा म्हणजे शेवटी पोत्यात पडलेली साखर, हे खरं. पण ती साखर कुठे कुठे गळाली, बगॅसमध्ये किती गेली, मळीत किती राहिली, इथेनॉलकडे वळवलेल्या मळीतून किती साखर गेली, हा सगळा हिशेब पोलच्या आकड्यांवर उभा असतो. जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत दरवर्षी काटा आणि उतारा या दोन गोष्टींवर आवाज उठतो. काट्यावरचं वजन शेतकऱ्याला डोळ्यांनी दिसतं. पोलची नळी मात्र त्याने बहुतेकदा पाहिलेलीच नसते. माझं म्हणणं स्पष्ट आहे: ज्या आकड्यावर आपला हिशेब चालतो, तो कसा निघतो हे पाहण्याचा हक्क सभासदाला असावा. हंगामात एक दिवस लॅबचं दार उघडून, शुद्ध साखरेचं द्रावण नळीत भरून, पोल १०० येतो का हे त्याच्यासमोर दाखवायला काहीच अवघड नाही.

बंधाचा पीळ

आता मूळ प्रश्न. साखरेचे रेणू पाण्यात कसेही आडवेतिडवे फिरत असतात. मग सगळ्यांची वळणं एकमेकांना खोडून का टाकत नाहीत?

उत्तर फडात सापडतं. ऊसतोड मजूर मोळी बांधताना हिरव्या वाढ्यांना पीळ देऊन बंध करतात. उजव्या पिळाचा बंध हातात घ्या, उलटा करा, आडवा धरा, मागून पाहा. पीळ उजवाच राहतो. डावा करायचा तर बंध सोडून नव्याने पिळावा लागेल. आरशात मात्र तो डावा दिसतो, आणि आरशातला डावा बंध खऱ्या उजव्या बंधावर काहीही केलं तरी तंतोतंत बसत नाही. ज्या रेणूंचं असं असतं त्यांना कायरल म्हणतात. साखरेचा रेणू कायरल आहे आणि ऊस तो एकाच हाताचा बनवतो. म्हणून रेणू कसेही फिरले तरी सगळे उजेडाला एकाच बाजूला ढकलतात.

मात्र साखरेचा हा ढकलणारा हात फार हलका आहे. तिचे इलेक्ट्रॉन दोन-दोन अणूंमध्ये जखडलेले असतात, डोळ्याला दिसणारा प्रकाश ती शोषत नाही, म्हणून तर ती पांढरी दिसते. ३४.६ अंशांसाठी २६ ग्रॅम साखर आणि वीस सेंटिमीटरचा प्रवास लागतो. इलेक्ट्रॉन मोकळे असते आणि त्यांची वाटच पिळलेली असती तर काय झालं असतं? १९५६ साली अमेरिकेत मेल्व्हिन न्यूमन आणि डॅनियल लेडनिसर यांनी सहा बेंझीन-वलयं एकमेकांना जोडून जिन्यासारखा चढणारा रेणू केला, हेक्साहेलिसीन. त्याचं विशिष्ट वळण साडेतीन हजार अंशांच्या वर आहे. साखरेच्या पन्नास पटींहून जास्त.

पानातलं वलय

मोकळे इलेक्ट्रॉन पाहायला लांब जावं लागत नाही. उसाच्या पानाचा हिरवा रंग क्लोरोफिलचा आहे. क्लोरोफिलच्या मधोमध चार छोटी कडी जोडून झालेलं एक मोठं वलय असतं, आणि त्याच्या पोटात मॅग्नेशियमचा अणू. आपल्या रक्तातल्या हीममध्येही याच घाटाचं वलय असतं, तिथे मॅग्नेशियमच्या जागी लोह. या वलयात इलेक्ट्रॉन कुठल्या एका जोडीत अडकून राहत नाहीत, ते अख्ख्या वलयावर पसरलेले असतात. अशा रेणूंना अॅरोमॅटिक म्हणतात. एरिक ह्युकेल यांनी १९३१ साली त्याचं गणित मांडलं: फिरते इलेक्ट्रॉन ६, १०, १४, १८ अशा संख्येत असतील तर वलय स्थिर आणि सपाट राहायला राजी असतं. क्लोरोफिलच्या वलयाचा रस्ता १८ इलेक्ट्रॉनांचा. पसरलेल्या इलेक्ट्रॉनांना थोड्या ऊर्जेनेही वरच्या पायरीवर चढता येतं, म्हणून हे वलय तांबडा आणि निळा प्रकाश शोषतं आणि हिरवा परत पाठवतं.

वलय आणखी मोठं केलं तर? चारऐवजी सहा, आठ कडी घेतली तर? इलेक्ट्रॉनांना फिरायला जागा वाढते, पायऱ्या जवळ येतात आणि शोषण तांबड्याच्या पलीकडे अवरक्तात सरकतं. पण इतकं मोठं वलय सपाट राहायला कां-कूं करतं. ते स्वतःलाच पीळ घालतं आणि इंग्रजी आठच्या आकड्यासारखं होतं. जर्मनीत कलोन इथे एमानुएल फोगेल यांच्या गटाने १९९०च्या दशकात अशी आठाच्या आकाराची वलयं केली. असा आठ उजव्या पिळाचा असतो किंवा डाव्या. रेणू कायरल झाला, आणि त्याचा पीळ इलेक्ट्रॉनांच्या वाटेतच आहे.

बंधाची दोन टोकं अर्धा पीळ देऊन जोडली तर पट्टीची आतली बाजू बाहेरच्या बाजूला जाऊन मिळते. गणितज्ञ त्याला मोबियसची पट्टी म्हणतात. १९६४ साली एडगर हाइलब्रोनर यांनी दाखवलं की वलयाला असा अर्धा पीळ असेल तर ह्युकेलचा नियम उलटतो. सपाट वलयात ज्या संख्येने अस्थिरता येते, त्याच ४, ८, १२ अशा संख्येने पिळलेलं वलय स्थिर होतं. प्रत्यक्षात असा रेणू यायला २००३ उजाडलं. तो राइनर हेर्गेस यांच्या गटाने कील इथे केला. पुढे २००८मध्ये क्योटोच्या अत्सुहिरो ओसुका यांनी सहा कड्यांच्या वलयात धातूचा अणू बसवला, आणि त्या अणूने धरून ठेवताच वलय मोबियसच्या पिळात गेलं. इलेक्ट्रॉन तेवढेच होते. फक्त पिळाने रेणूचा स्वभाव बदलला.

पाषाण आणि पवई

या विषयात भारताचं काम मागून आलेलं नाही. टी. के. चंद्रशेखर यांनी आयआयटी कानपूरमध्ये विस्तारित पॉर्फिरिनांची, म्हणजे या वाढवलेल्या वलयांची, एक अख्खी परंपराच उभी केली. आठ कड्यांचं वलय पिळणारच असा समज असताना, काही कडी आतबाहेर उलटवून ते सपाट ठेवता येतं हे २००१मध्ये त्यांच्या गटाने स्फटिकाच्या क्ष-किरण चित्रासह दाखवलं. त्या कामात व्ही. जी. आनंद होते. पुढे ते पुण्याला पाषाणच्या आयसर या विज्ञान संस्थेत आले.

आनंद यांच्या प्रयोगशाळेने जे निवडलं ते मला धाडसाचं वाटतं. बहुतेक जण स्थिर अॅरोमॅटिक वलयांच्या मागे लागतात. यांनी ह्युकेलच्या नियमात न बसणारी, इलेक्ट्रॉनांची संख्या चारने भाग जाणारी वलयं हाताळली. ती हवेत टिकतील अशी बांधली, आणि २०१४मध्ये दाखवलं की ३२ इलेक्ट्रॉनांच्या अशा वलयातून दोन इलेक्ट्रॉन काढले की ते ३०चं अॅरोमॅटिक वलय होतं, आणि परत दिले की पुन्हा ३२चं. या येण्याजाण्यात वलयाचं प्रकाशशोषण बदलतं. दोन इलेक्ट्रॉनांच्या देवघेवीने रेणूचा स्वभाव पालटवता येतो आणि परत आणता येतो, ही विजेवर चालणाऱ्या रेणूंची सुरुवात आहे. पवईच्या आयआयटीत एम. रविकांत यांचा गट पॉर्फिरिनच्या पोटातले नायट्रोजन बदलून तिथे गंधक, ऑक्सिजन असे अणू बसवतो. पोटातला अणू बदलला की रंग बदलतो, चमक बदलते, इलेक्ट्रॉन देण्याघेण्याची सवय बदलते.

बावड्यात अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, अभिमत विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे. पलीकडे शिवाजी विद्यापीठात रसायनशास्त्राचा विभाग आहे. इथली मुलं ध्रुवित प्रकाशाची आकृती पाठ करून परीक्षा देतात, आणि त्यांच्या रस्त्यावरच्या कारखान्यात ती आकृती चोवीस तास चालू असते. त्यांना ती दाखवत नाहीत याची मला फार हळहळ वाटते.

डावे-उजवे निवडणारा

ऊस एकाच हाताची साखर बनवतो. प्रयोगशाळेच्या कुपीत मात्र डावी आणि उजवी वलयं सहसा निम्मी-निम्मी होतात. मिश्रणाचं वळण शून्य. १८४८मध्ये लुई पाश्चर यांनी टार्टारिक आम्लाच्या एका क्षाराचे डावे-उजवे स्फटिक चिमट्याने वेचून वेगळे केले होते. वलयांना ते चालत नाही.

आज त्यांना लांब नळीतून वाहवतात. नळीत सिलिकाचे बारीक कण असतात आणि त्यांच्यावर सेल्युलोज किंवा स्टार्चमधल्या अमायलोजचा बदललेला लेप. जपानमध्ये योशिओ ओकामोतो यांनी ही पद्धत घडवली. सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्या कड्यांची एकाच हाताची लांब साखळी. तिला डावं वलय एका तऱ्हेने चिकटतं, उजवं दुसऱ्या तऱ्हेने, म्हणून एक आधी बाहेर पडतं आणि दुसरं मागून. फोगेल यांच्या गटाने १९९९मध्ये पॅलेडियमने जखडलेला आठ असा वेगळा केला. बॉयलरमध्ये जाणाऱ्या बावड्याच्या चिपाडातही सेल्युलोज आहे. वनस्पतीने साखरेला दिलेला हात आज माणसाने केलेल्या वलयांना डावं-उजवं करून देतो. मला या सगळ्या विषयातली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

धातूची पकड का लागते, तेही सांगायला हवं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. या वलयांचं उलट आहे. रेणू शाबूत राहतो आणि उष्णतेने पीळ निघून जातो. सैल वलय साध्या तापमानालाही उजव्याचं डावं होतं, आणि वेगळे केलेले हात पुन्हा एकमेकांत मिसळतात. म्हणून आत धातू बसवणं, बाहेर अवजड गट लावणं, कडी एकमेकांत घट्ट जोडणं हे उपाय करावे लागतात.

पडद्यावरचा उजेड

या खटाटोपाचा एक उपयोग बहुतेकांच्या खिशात आहे. ओएलईडी पडद्याच्या मोबाइलवर बाहेरचा उजेड चमकू नये म्हणून एक पट्टी लावलेली असते. ती वर्तुळाकार ध्रुवित प्रकाशाच्या तत्त्वावर चालते आणि बाहेरची चमक अडवते. पण पडद्याचा स्वतःचा जवळजवळ निम्मा उजेडही तिच्यातच अडतो. पडद्यातला रेणूच जर योग्य हाताने फिरणारा उजेड देणारा असेल, तर तो पट्टीतून सहज बाहेर येईल आणि बॅटरी तेवढी कमी खर्च होईल.

रेणू किती एका हाताचा उजेड देतो, हे मोजायला एक गुणोत्तर आहे. पूर्ण एकहाती असेल तर ते २. बहुतेक सेंद्रिय रेणूंमध्ये ते एक हजारांश ते एक शतांश यांच्या दरम्यान भरतं. एक हजारांश म्हणजे दोन हजार प्रकाशकणांत डाव्या-उजव्याचा फरक जेमतेम एकाचा. २०१७मध्ये जपानच्या हिरोयुकी इसोबे यांच्या गटाने क्रायसीनची चार एककं जोडून एक पिळलेलं नळकांडं केलं. त्याचं गुणोत्तर ०.१५च्या घरात गेलं, म्हणजे शंभरांतले सुमारे ५४ कण एका हाताचे आणि ४६ दुसऱ्या. कारण वलयाच्या घाटातच आहे. वलयावर फिरणारा इलेक्ट्रॉन विजेच्या वेटोळ्यासारखं चुंबकीय क्षेत्र तयार करतो. वाट पिळलेली असेल तर फिरता फिरता तो नळकांड्याच्या लांबीच्या दिशेनेही सरकतो, आणि त्यातून विजेचा हेलकावा मिळतो. हे दोन्ही परिणाम एकाच दिशेला असले की उजेडाचा हात ठरतो. सरळ साखळीच्या रेणूत ते सहसा एकमेकांच्या आडवे जातात.

वलयाचा आकार बदलून रंगही बदलता येतो. २००८मध्ये रमेश जस्ती आणि कॅरोलिन बर्टोझी यांनी बेंझीन-वलयांचा गोल फेर केला. त्या कुळात बारा कड्यांचा फेर निळा चमकतो आणि आठ कड्यांचा हिरवा. लहान फेरात ताण जास्त असतो आणि त्याने पायऱ्या जवळ येतात. दुसऱ्या टोकाला इस्रायलच्या रॉन नामान यांनी १९९९पासून मांडलेला परिणाम आहे: कायरल रेणूंच्या थरातून इलेक्ट्रॉन गेले की एका फिरकीचे सहज पार होतात आणि दुसऱ्या फिरकीचे अडखळतात. उजेडाचा हात ओळखणारा रेणू विजेचाही हात ओळखतो.

अडचण अजून सुटलेली नाही. नळकांड्यात चुंबकीय बाजू विजेच्या बाजूच्या तोडीला येते तेव्हा गुणोत्तर वाढतं. पण रेणू उजळ दिसायला विजेची बाजूच जोरकस लागते, आणि ती जोरकस झाली की गुणोत्तर घसरतं. पीळ जास्त दिला तर इलेक्ट्रॉनांच्या वाटेतले दुवे सैल होतात आणि शोषण पुन्हा निळ्याकडे सरकतं. पीळ कमी ठेवला तर उष्णतेत उजव्याचं डावं होतं. उजळपणा, एकहातीपणा आणि टिकाऊपणा या तिन्ही गोष्टी एकाच वलयात कशा आणायच्या, यावर सध्या काम चाललं आहे. कुणी दोन वलयं एकमेकांत ओवून पाहतं, कुणी वलयाच्या आत धातू बसवून, कुणी अनेक वलयं एकावर एक रचून. प्रत्येक नवी कुपी शेवटी पोलरीमीटरच्याच थोरल्या भावंडासमोर, डाव्या आणि उजव्या उजेडाचं शोषण वेगवेगळं मोजणाऱ्या यंत्रासमोर, ठेवली जाते.